बाई, तुम्ही पूर्वी अर्ज करायचात ना?

गेल्या आठवड्यात संध्याकाळी दाराची बेल वाजली. समोरच्या इमारतीतली सून दारात उभी होती. "बाई, दोन मिनिटं वेळ आहे का?" आमच्या वसाहतीत मला सगळे बाईच म्हणतात. ज्यांना शिकवलं ते म्हणतात आणि ज्यांना कधीच शिकवलं नाही तेही म्हणतात!

तिने मोबाइलवर चार फोटो दाखवले. आमच्या वसाहतीच्या मागे टेकडीचा उतार आहे आणि तो अडवून धरायला एक जुनी दगडी भिंत आहे, तिचे फोटो. एका ठिकाणी भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आलेली दिसत होती. म्हणाली, "मुलं तिथेच खेळतात हो. पुढच्या पावसात काही झालं तर?" मग जरा चाचरत म्हणाली, "सासूबाई सांगत होत्या, तुम्ही पूर्वी माहितीच्या अधिकाराचे अर्ज करायचात ना?"

त्या 'पूर्वी'ने मला जरा टोचलं. चहा झाला, ती उद्या येते म्हणून गेली आणि मी कपाटाच्या वरच्या खणातली हिरवी फाइल काढून बसले. त्या फाइलमध्ये माझ्या धीटपणाचे कागद आहेत, तसेच भित्रेपणाचेही आहेत. दोन्ही आज सांगून टाकते.

मी बत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. म्हणजे बत्तीस वर्षं प्रश्न विचारले. पण शिक्षकाच्या प्रश्नांची एक गंमत असते. उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं. ज्याचं उत्तर मला खरोखरच माहीत नाही असा प्रश्न, आणि तोही आपल्यापेक्षा मोठ्या खुर्चीला विचारायची वेळ नोकरीत कधी आली नाही. वरून परिपत्रक आलं की सही करायची, एवढंच माहीत. मुलांना मात्र फळ्यासमोर उभं राहून सांगायचे, "अरे, शंका विचारा!"

दिंडोशीत राहून खरं तर असं वागायला नको होतं. हा भाग मृणालताई गोऱ्यांचा. गोरेगावच्या पाण्यासाठी त्या इतक्या भांडल्या की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. नागरी निवारा परिषदेची घरं इथे दिंडोशीत उभी राहिली तीही त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या झगड्यातून. पण त्या काळी सरकारकडून उत्तर हवं असेल तर मोर्चा काढावा लागे. लाटणी घेऊन रस्त्यावर उतरावं लागे. त्यासाठी मृणालताईच लागत. माझ्यासारखीचं ते काम नव्हतं.

माझ्यासारखीला जमेल अशी गोष्ट २००५ साली हातात आली. त्या वर्षीची २६ जुलै मुंबईकर विसरणार नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या रात्री आमच्या मागच्या भिंतीतून जागोजागी पाणी उसळत होतं आणि आम्ही सगळे जिन्यात बसून होतो. भिंत पडली नाही. पण सकाळी तिच्याकडे बघताना पहिल्यांदा डोक्यात आलं की ही भिंत बांधली कुणी? केव्हा? आणि तिच्याकडे नंतर कुणी बघितलंय का? त्यानंतर अडीचच महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २००५ ला, माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा पूर्णपणे लागू झाला.

महाराष्ट्रात तसा आधीच राज्याचा कायदा होता, २००२ चा. त्यावर राष्ट्रपतींची सही व्हायला वेळ लागला आणि अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा कुठे तो मार्गी लागला. गोवा आणि तामिळनाडू तर त्याही पुढे, त्यांचे कायदे १९९७ चे. पण मला सगळ्यात भिडली ती राजस्थानातल्या मजुरांची गोष्ट. मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी १९९४ च्या डिसेंबरपासून गावोगावी जनसुनावण्या घ्यायला सुरुवात केली. सरकारी कामावरचे हजेरीपट मोठ्याने वाचून दाखवायचे आणि समोर बसलेल्या गावकऱ्यांना विचारायचं, हा माणूस कामावर होता का? हजेरीपटावर गाव सोडून गेलेल्यांची नावं निघाली, मेलेल्यांची निघाली. त्यांच्या नावावर मजुरी उचलली गेली होती. पुढे १९९६ मध्ये ब्यावर गावात ते चाळीस दिवस धरणं धरून बसले. मागणी एवढीच, की कागदाची प्रत आम्हाला द्या. 'हमारा पैसा, हमारा हिसाब.'

मी आयुष्यभर हजेरी घेतलेली बाई. हजेरीपटात किती ताकद असते हे मला त्या अक्षरओळख नसलेल्या बायकांनी शिकवलं.

मी २००८ साली निवृत्त झाले. २००९ च्या उन्हाळ्यात पहिला अर्ज लिहिला. जोडपत्र 'अ'चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये माफ. माहिती कशासाठी हवी याचं कारण सांगावं लागत नाही, कलम ६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. हे वाचून मी दोनदा खात्री केली. आपल्याकडे सरकारी खिडकीशी गेलं की पहिला प्रश्न "कशाला पाहिजे?" हाच असतो. तो प्रश्नच कायद्याने बंद केला होता.

अर्ज मात्र मी निबंधासारखा लिहिला. चांगली दोन पानं! प्रस्तावना, २६ जुलैचं वर्णन, नागरिकांची भीती आणि शेवटी प्रश्न: 'या भिंतीची तपासणी का होत नाही?' 'जबाबदार कोण?' स्वतःवरच खूश होऊन पाकीट पोस्टात टाकलं.

एकविसाव्या दिवशी उत्तर आलं. आपली मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची आहे, सबब माहिती देता येत नाही.

आधी राग आला. मग वाचन केलं तेव्हा कळलं की यात काहीएक अर्थ आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेच २००८ साली म्हटलं होतं की माहिती म्हणजे कागदावर असलेली गोष्ट. एखादी गोष्ट का केली आणि का केली नाही, याचं स्पष्टीकरण या कायद्याखाली मागता येत नाही. बघा हं, बत्तीस वर्षं ज्या बाईने मुलांना सांगितलं की सगळ्यात चांगला प्रश्न 'का', तिला आता 'का' सोडून प्रश्न विचारायला शिकायचं होतं.

शिकले. दुसरा अर्ज सहा ओळींचा. अमुक ठिकाणच्या संरक्षक भिंतीच्या बांधकामाच्या कार्यादेशाची प्रत. भिंत ज्या वर्षी बांधली त्या वर्षाचा खर्च. त्यानंतर झालेल्या तपासण्यांच्या नोंदींची प्रत. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम. दुरुस्तीवर झालेला खर्च, वर्षवार. 'का' कुठेच नाही. आणि गंमत म्हणजे हे पाच कागद शेजारी शेजारी ठेवले की 'का'चं उत्तर आपोआप दिसायला लागतं. न विचारता.

पण आधी भिंत कुणाची हेच ठरेना. ज्या कार्यालयाला अर्ज केला त्यांनी कळवलं, विषय आमच्याशी संबंधित नाही. मी कार्यालयांची नावं मुद्दाम घेत नाहीये, कारण माणसं बदलली आणि मला कुणाचं उणंदुणं काढायचं नाही. पण वाचकांनी एक लक्षात ठेवावं. अर्ज चुकीच्या दारात गेला तरी तो परत करायचा नसतो. कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयानेच पाच दिवसांत योग्य दारी पाठवायचा असतो. मी ते कलम लिहून पत्र दिलं. अर्ज सरकला. दुसऱ्या कार्यालयाने तीस दिवस उलटून गेले तरी काही कळवलं नाही. मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

अपिलाच्या सुनावणीला गेले तो दिवस अजून आठवतो. मी इस्त्रीची साडी नेसून वेळेच्या अर्धा तास आधी हजर. फाइली घेऊन जो लिपिक आत आला त्याने माझ्याकडे बघितलं आणि टेबलाला वळसा घालून येऊन वाकून नमस्कार केला. माझा विद्यार्थी! आठवीत शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा. साहेब बघतच राहिले.

आदेश माझ्या बाजूने झाला. पंधरा दिवसांत अभिलेख शोधून प्रत द्यावी. बाहेर जिन्यात तो पोरगा मागून आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुम्हाला वाटतं आम्ही कागद लपवतोय. लपवायला आधी असायला पाहिजे ना!"

त्याचं खरं होतं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं ते असं, की शोध घेतला असता सदर अभिलेख आढळून येत नाही. फक्त एका जुन्या नोंदवहीतल्या पानाची झेरॉक्स सोबत होती, दोन रुपये आकारून. भिंत बांधल्याचं वर्ष आणि रक्कम तेवढी त्यात होती. तपासणीच्या रकान्यात काही नव्हतं. एकही तारीख नाही, सही नाही. रिकामा रकाना मी शाळेत पुष्कळ बघितलेत. मुलगा गैरहजर असला तरी आपण तिथे काहीतरी खूण करतोच. इथे कुणी खूणच केली नव्हती.

आता पुढची पायरी दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाकडे. मुदत नव्वद दिवस. मी कालनिर्णयवर शेवटच्या दिवसाभोवती लाल गोल काढला.

आणि ते अपील मी केलं नाही.

हे इतक्या वर्षांत कुणाला नीट सांगितलेलं नाही. १३ जानेवारी २०१० ला सकाळी तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टी यांचा भर रस्त्यात खून झाला. सकाळी फिरायला गेलेला माणूस. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी याच कायद्याने बाहेर काढले होते. संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, पुरे आता. भिंत काय तुझ्या एकटीची आहे?" त्याच सुमारास वसाहतीच्या सभेत एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, "बाई, अर्ज मागे घ्यायचे किती मिळतात हल्ली?" बाकीचेही हसले. खोटं कशाला बोलू, असे लोक आहेत. अर्ज टाकायचा, बिल्डरला किंवा दुकानदाराला गाठायचं आणि पाकीट घेऊन गप्प बसायचं. त्यांच्यामुळे माझ्यासारखीकडेही लोक त्याच नजरेने बघायला लागले.

मला कुणी धमकी दिली नाही. कुणी दारात येऊन उभं राहिलं नाही. शेट्टींनी जिवाची किंमत मोजली आणि मी एका हशाने गप्प झाले. लाल गोल आला आणि गेला. महिना संपल्यावर मी पान उलटलं.

त्याच वर्षी पुढे याच कायद्याची केवढी ताकद असते तेही दिसलं. कुलाब्यातल्या एकतीस मजली 'आदर्श' इमारतीची प्रकरणं कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारातून मिळवलेल्या कागदांनी पुढे रेटली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना राजीनामा द्यावा लागला. मी पेपर वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. दुसऱ्याच्या धैर्याला टाळ्या वाजवायला काही लागत नाही. शैलेश गांधींसारखे मुंबईतले कार्यकर्ते तर थेट केंद्रीय माहिती आयुक्त झाले, २००८ ते २०१२. मी मात्र हिरवी फाइल वरच्या खणात ठेवली होती.

आणि मग २ जुलै २०१९.

१ जुलैला दिवसभर पाऊस कोसळत होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ३७५ मिलिमीटर. रात्री झोप नव्हती. मध्यरात्रीनंतर कधीतरी गाड्यांचे भोंगे सुरू झाले ते थांबेचनात. पहाटे कळलं, कुरारच्या पिंपरीपाड्यात, मालाड टेकडीवरच्या जलाशयाची संरक्षक भिंत खालच्या वस्तीवर कोसळली. पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगर. आमच्या घरापासून काही फार लांब नाही. वरून भिंतीमागे साठलेलं पाणी आणि भिंतीचे तुकडे एकदम झोपलेल्या माणसांवर आले. तीसहून जास्त माणसं गेली. त्यात मुलं होती. त्याच आठवड्यात पुण्यात कोंढव्याला एका इमारतीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून पंधरा जण गेले होते.

सकाळी मी छत्री घेऊन खाली उतरले आणि आमच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. ती होती. दगडांतून पाणी पाझरत होतं.

स्पष्ट सांगते, माझ्या अर्जाचा आणि पिंपरीपाड्याच्या भिंतीचा काही संबंध नाही. ती भिंत वेगळी, मालक वेगळा, माझी भिंत जुनी आणि ती काही वर्षांपूर्वीच बांधलेली. मी दुसरं अपील केलं असतं म्हणून तिथला एकही जीव वाचला नसता. हे मला कळतं. तरी त्या दिवशी भिंतीसमोर उभी असताना एकच गोष्ट डोक्यात होती. आता चौकशी समिती बसेल, तज्ज्ञ येतील, अहवाल लिहिला जाईल. सगळे कागद निघतील. कार्यादेश, नकाशा, खर्च, सह्या. जे कागद जिवंत माणसाला दहा रुपयांत तीस दिवसांत मिळायला हवेत, ते माणसं गेल्यावर धडाधड निघतात. वेळेवर मागितला तर तो कागद माहिती असतो. उशिरा निघाला तर त्याला पंचनामा म्हणायचं.

आणि दुसरं. भिंतीखाली राहणाऱ्याला कामावर जायचं असतं, पाणी भरायचं असतं. त्याला ऑफिसात खेपा घालायला सुट्टी कोण देणार? खेपा घालायला माझ्यासारखी पेन्शनवर जगणारी, लिहिता-वाचता येणारी, दिवसभर मोकळी असलेली माणसंच हवीत. आमच्याकडे वेळ असतो. आम्ही तो टीव्हीसमोर घालवतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी तोच अर्ज पुन्हा केला. दहा वर्षांनी, सहा ओळींचा. या वेळी ओळ एकच वाढवली, कलम २ प्रमाणे प्रत्यक्ष पाहणी करायची आहे. हा कायदा नुसत्या कागदापुरता नाही. चालू कामाची पाहणी करता येते, टिपणं काढता येतात, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. फाइल बघायला पहिला तास फुकट. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळे जागे होते म्हणा किंवा काय, पण अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. सोबत नुकत्याच झालेल्या तपासणीचा दीड पानी अहवाल. रकान्यात पहिली तारीख पडली होती!

त्या अहवालातून मला भिंतीचं शास्त्र कळलं. अशा भिंतीला पाणी जायला ओळीने भोकं ठेवलेली असतात. डोंगरातलं पाणी त्यातून वाहून गेलं पाहिजे. भोकं माती आणि मुळांनी बुजली की पाणी मागे साठतं आणि भिंतीला ढकलत राहतं. भिंत कितीही जाड असो. आमच्या भिंतीची निम्मी भोकं बुजलेली होती. करोनाचं वर्ष मधे गेलं. २०२१ च्या मे महिन्यात माणसं आली आणि लोखंडी सळया घालून त्यांनी भोकं मोकळी केली. त्या पावसाळ्यात भिंतीतून धारा लागल्या. येणारे-जाणारे घाबरून म्हणायचे, "बाई, भिंत गळतेय!" मी सांगायचे, गळू द्या. गळतेय तोवर ठीक आहे.

मग मी पुन्हा निवांत झाले. म्हणूनच त्या मुलीचा 'पूर्वी' लागला. तपासणीचा रकाना २०१९ नंतर पुढे भरला गेला का, हे मी विचारलंच नव्हतं. हजेरी एकदा घेऊन चालत नाही, रोज घ्यावी लागते, हे मला कुणी वेगळं सांगायला हवं होतं का?

या मधल्या काळात कायदाही पहिल्यासारखा राहिलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणं केंद्र सरकारच्या हाती गेलं. आपल्या राज्यात आयोगापुढे तुंबलेली अपिलं आणि तक्रारी २०२३ मध्ये एक लाखाच्या वर होत्या. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाने दुसरं अपील करताना आपण निकाल ऐकायला असू का, याचाही विचार करायचा. अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड होऊ शकतो, पण तो लावणार आयोगच. तिथेच रांग.

आणि आणखी एक बदल, जो मला जास्त काळजीचा वाटतो. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नाही किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असं दाखवावं लागे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याने ती अट काढली आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढं म्हटलं तरी नाकारायला वाट आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये अजून शाबूत आहे, पण ते जनहित आधी अधिकाऱ्याला पटायला हवं. माणसाचा खासगीपणा जपायला हवा, यात वाद नाही. माझा फोन नंबर कुणी कुणाला द्यावा असं मलाही वाटत नाही. पण मला राजस्थानातला तो हजेरीपट आठवतो. हजेरीपट म्हणजे नावांचीच यादी. त्यातली नावं झाकली तर मेलेला माणूस कामावर होता की नाही, हे गावाने ओळखायचं कसं? आणि तपासणीच्या रकान्यातली सही उद्या कुणाची तरी 'वैयक्तिक माहिती' ठरली तर मी काय बघणार?

तर, दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांचा असावा असा नियम आहे. तिने लिहिलेला मसुदा मी लाल पेनाने तपासला. 'का' सगळे काढले. 'आम्हाला फार भीती वाटते' हे वाक्यही काढलं. तिला वाईट वाटलं. म्हटलं, भीती खरी आहे गं, पण ती अर्जात लिहायची नसते. एकशे अठरा शब्द झाले. हल्ली ऑनलाइनही करता येतो, पण तिला कागदावर शिक्का बघायचा होता. मलाही.

सही करायची वेळ आली तेव्हा ती थांबली. पेन हातात तसंच. म्हणाली, "बाई, माझं नाव नको ना... आमच्या ह्यांची नोकरी कंत्राटी आहे. उगीच कुणाच्या डोळ्यावर यायला नको."

मी तिला रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? २०१० चं ते कालनिर्णयचं पान मला आठवत होतं. मला पंच्याहत्तर पूर्ण झाली. माझं पेन्शन कुणी बंद करणार नाही. मुलगा ओरडेल, त्याला ओरडू दे. कागद माझ्याकडे ओढला आणि अर्जदाराच्या जागी माझं नाव घातलं. दहा रुपयांचा स्टॅम्प तिने लावला. पोच घ्यायला आम्ही दोघी रिक्षाने गेलो आणि येताना दिंडोशी डेपोजवळ उसाचा रस प्यायलो.

ती म्हणाली, उत्तर नाही आलं तर पहिल्या अपिलाला ती माझ्याबरोबर येईल. नाव नाही, पण येईल. मला तेवढं पुष्कळ झालं.

तिसाव्या दिवसाभोवती कालनिर्णयवर लाल गोल काढलाय. नव्वदाच्या दिवसाचा हिशोबही समासात लिहून ठेवलाय, लागला तर. उत्तर काय येतं ते कळवीनच. असो.